उंदीर दारू किती पितो, हे त्याचे हार्मोन्स कसे ठरवतात?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीगोंदा तालुक्यात गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिसू लागतात. कुकडी आणि घोडच्या पाण्यावर वाढलेला हा ऊस कारखान्यात जातो. त्याची साखर होते आणि मागे उरते ती काळी, चिकट मळी. साखरपट्ट्यात हीच मळी आंबवून अल्कोहोल तयार करतात. त्यातलं काही पेट्रोलमध्ये मिसळायला जातं, काही औषधं आणि रसायनं बनवायला, तर काही दारूच्या बाटलीत. चहातली साखर आणि ग्लासातली दारू ही अशी एकाच घरची भावंडं आहेत.

आपलं शरीरही या दोघांना काही प्रमाणात एकाच खात्यात टाकतं. आपल्या यकृतात एक हार्मोन तयार होतं. हे हार्मोन वाढलं की उंदराची गोडाची ओढ कमी होते आणि दारूचीही.

सध्या सोशल मीडियावर 'वजन कमी करायच्या इंजेक्शनने दारू सुटली' अशा पोस्ट फिरत असतात. त्यात किती तथ्य आहे हे समजून घ्यायचं असेल, तर आधी प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यात डोकवायला हवं. कारण या सगळ्या चर्चेची सुरुवात तिथूनच झाली.

दोन बाटल्यांची परीक्षा

मराठीत लहानमोठ्या दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो. प्रयोगशाळेत मात्र लहानखुरा 'माऊस' वेगळा आणि त्याच्या कैकपट वजनाचा 'रॅट' वेगळा. दोघांचीही परीक्षा घ्यायची सर्वांत जुनी पद्धत अगदी साधी आहे. पिंजऱ्याला दोन बाटल्या लावायच्या, एकीत साधं पाणी आणि दुसरीत थोडं अल्कोहोल मिसळलेलं पाणी. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाटल्यांचं वजन करायचं. मधूनमधून त्यांच्या जागा बदलायच्या, नाहीतर काही उंदीर नुसत्या सवयीने एकाच बाजूच्या बाटलीला तोंड लावतात आणि आपण मात्र त्याला दारूची आवड समजून बसतो.

बहुतेक उंदरांना दारू फारशी आवडत नाही. पण सगळे सारखे नसतात. 'सी-५७ ब्लॅक-६' नावाच्या काळ्या उंदरांची जात स्वतःहून भरपूर पिते, तर 'डीबीए-२' ही जात दारूच्या बाटलीकडे फिरकतही नाही. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात तर जास्त पिणाऱ्या रॅटच्या जोड्या पिढ्यान्‌पिढ्या जमवून अस्सल तळीरामांचा एक वंशच तयार केला गेला.

उंदीर निशाचर असल्यामुळे आणखी एक पद्धत निघाली. दिवे मालवल्यानंतर काही तासांनी, म्हणजे उंदीर सर्वांत चपळ असतो तेव्हा, २० टक्के अल्कोहोलची बाटली मोजक्या वेळापुरती ठेवायची. अशा वेळी काळे उंदीर झिंग येईपर्यंत पितात.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवायला हवी. स्वतःहून घोटभर पिणारा उंदीर आणि आठवडेच्या आठवडे दारूत ठेवल्यामुळे तिच्यावाचून चैन न पडणारा उंदीर हे दोन वेगळे प्राणी आहेत. एकाला लागू पडणारं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. बातम्यांमध्ये हा फरक हमखास गाळला जातो.

पोट बोलतं, मेंदू ऐकतो

एक ग्रॅम अल्कोहोलमधून सुमारे ७ कॅलरी ऊर्जा मिळते. साखरेतून मिळते ४. म्हणजे शरीराच्या हिशेबात दारू हे एक प्रकारचं अन्नच आहे. मग भूक सांभाळणाऱ्या हार्मोन्सनी दारूतही नाक खुपसलं तर नवल काय?

पोट रिकामं झालं की जठरातून 'घ्रेलिन' हे हार्मोन सुटतं. ते मेंदूला सांगतं, 'काहीतरी खा'. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली दाखवून दिलं की हेच घ्रेलिन उंदराच्या मेंदूतल्या बक्षिसाच्या केंद्रांत सोडलं तर तो जास्त दारू पितो. घ्रेलिनचा संदेश अडवला तर कमी पितो. उपाशीपोटी दारू लवकर चढते हे सगळ्यांना ठाऊक असतं. उपाशीपोटी ती जास्त हवीशीही वाटू शकते, हे या प्रयोगातून पुढे आलं.

घ्रेलिनच्या उलट काम करणारं आतड्यातलं हार्मोन म्हणजे 'जीएलपी-१'. जेवण पोटात गेलं की ते वाढतं, इन्सुलिनला मदत करतं आणि 'आता पुरे' असा निरोप मेंदूला देतं. मधुमेह आणि लठ्ठपणावरचं सेमाग्लुटाइड हे औषध या हार्मोनची नक्कल करतं. त्याच गोथेनबर्गमध्ये २०२३ साली नर आणि मादी अशा दोन्ही रॅटवर सेमाग्लुटाइडचा प्रयोग झाला, तेव्हा त्यांचं पिणं जवळपास निम्म्यावर आलं. काही दिवस दारू बंद ठेवून पुन्हा दिली की रॅट अधाशासारखे पितात. औषध दिलेल्या रॅटमध्ये तेही दिसलं नाही.

आता सुरुवातीला उल्लेख केलेलं यकृताचं हार्मोन. त्याचं नाव 'एफजीएफ-२१'. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असं दिसलं की ज्या उंदरांच्या शरीरात हे हार्मोन जास्त असतं ते गोड पाणीही कमी पितात आणि दारूही. त्यासाठी मेंदूत 'बीटा-क्लोथो' नावाचं प्रथिन असावं लागतं. हे प्रथिन म्हणजे हार्मोनची किल्ली बसावी म्हणून केलेलं कुलूपच. गंमत म्हणजे त्याच वर्षी १ लाख ५ हजारांहून जास्त माणसांच्या जनुकांची तपासणी झाली, आणि कोण किती पितं याच्याशी संबंधित जे जनुक सापडलं ते नेमकं या बीटा-क्लोथोचंच निघालं. उंदरात सापडलेला धागा माणसात इतक्या सरळ जुळणं ही या क्षेत्रात दुर्मीळ गोष्ट आहे.

पुढचा टप्पा माकडांचा होता. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट किट्स बेटावर एके काळी उसाची मोठी शेती होती. आफ्रिकेतून आलेली व्हर्वेट जातीची माकडं तिथे शतकांपासून राहतात आणि त्यांतल्या काहींना दारूची चांगलीच चटक आहे. पर्यटकांचे ग्लास पळवणारी माकडं म्हणून ती प्रसिद्ध आहेत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दारूची आवड असलेल्या व्हर्वेट माकडांना एफजीएफ-२१ सारखं काम करणारं औषध दिलं गेलं. त्यांचं पिणं सुमारे ५० टक्क्यांनी घटलं.

या हार्मोनचं आणखी एक काम २०२३ साली अमेरिकेतल्या डल्लासच्या संशोधकांनी दाखवलं. दारूने बेशुद्ध झालेल्या उंदरांना एफजीएफ-२१ टोचलं की ते लवकर शुद्धीवर येत होते. गुंगीच्या दुसऱ्या औषधांवर मात्र त्याचा काही परिणाम झाला नाही. दारू प्यायली की यकृतातून हे हार्मोन आपोआप वाढतं, माणसातही. शरीर जणू ब्रेक दाबू पाहतं. रोज पिणाऱ्यात हा ब्रेक पुरा का पडत नाही, हा प्रश्न मात्र उरतोच.

ताणाचं हार्मोन आणि सुधाकर

राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं. त्यातला सुधाकर पहिला प्याला घेतो तो मौजेखातर नव्हे. अपमान आणि निराशा त्याला तिथे नेते. प्रयोगशाळेत या गोष्टीला 'ताण' म्हणतात आणि तो रक्तातल्या हार्मोनवरून मोजतात. माणसात हे हार्मोन कॉर्टिसॉल, उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन. ते मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रीनल ग्रंथींत तयार होतं.

१९९० च्या दशकात स्वीडनमध्येच एक सरळसोट प्रयोग झाला. रॅटच्या अ‍ॅड्रीनल ग्रंथी काढून टाकल्या, तेव्हा त्यांचं दारू पिणं कमी झालं. मग त्यांना बाहेरून कॉर्टिकोस्टेरॉन दिलं, तर पिणं पुन्हा वाढलं. ग्रंथी नाही पण हार्मोन आहे, आणि पिणं परत आलं. म्हणजे संशयाची सुई हार्मोनवरच थांबते.

२०१२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मिफेप्रिस्टोन हे औषध वापरून पाहिलं. आपल्याकडे ते गर्भपाताच्या गोळीतलं औषध म्हणून माहीत आहे, पण ते कॉर्टिसॉलचा संदेशही अडवतं. या औषधाने दारूवर अवलंबून झालेल्या रॅटचं वाढलेलं पिणं रोखलं गेलं, पण साधं, थोडंसं पिणाऱ्या रॅटवर तसा परिणाम झाला नाही. २०१९ साली ऑक्सिटोसिन या हार्मोनबाबतही नर रॅटमध्ये असंच चित्र दिसलं. व्यसन लागल्यावर मेंदूची यंत्रणाच बदललेली असते आणि बदललेल्या यंत्रणेवर काम करणारी औषधंही वेगळी असू शकतात. मिफेप्रिस्टोनची पुढे ५६ माणसांवर छोटी चाचणी झाली आणि २०१५ साली तिचे निष्कर्ष आले. दारूची तल्लफ आणि पिणं, दोन्ही कमी झालं होतं.

नागपूरच्या रॅटनी काय सांगितलं?

हे सगळं परदेशातच चाललंय असं वाटेल, पण या विषयात महाराष्ट्राचंही भरीव काम आहे. नागपूर विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग आणि कामठीचं फार्मसी महाविद्यालय इथल्या संशोधकांनी २००० नंतरच्या दशकात दारू आणि मेंदूतल्या हार्मोन्सवर एकामागून एक प्रयोग केले. निशिकांत सुभेदार, सी. टी. चोपडे, डी. एम. कोकरे ही त्यांतली प्रमुख नावं. आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत हे काम प्रसिद्ध झालं. मराठी वाचकांपर्यंत मात्र ते फारसं आलेलं नाही.

त्यांचा प्रश्न थोडा वेगळा होता. उंदीर किती पितो यापेक्षा, प्यायल्यावर त्याला बरं का वाटतं आणि दारू तोडल्यावर तो इतका बेचैन का होतो, हे त्यांना शोधायचं होतं. व्यसनी माणसाच्या घरच्यांना हा प्रश्न चांगला ओळखीचा असतो. 'आता मजेसाठी पीत नाही, नाही प्यायलो तर हात कापतात' हे वाक्य किती घरांत ऐकू येतं!

भीती मोजायला त्यांनी अधिक चिन्हाच्या आकाराची, जमिनीपासून उंच ठेवलेली फळी वापरली. तिच्या दोन भुजांना भिंती असतात आणि दोन उघड्या असतात. घाबरलेला रॅट भिंतींच्या आडोशाला बसतो, निर्धास्त रॅट उघड्या भुजांवर हिंडतो. दारू दिलेला रॅट उघड्यावर जास्त हिंडतो. दारूत काही दिवस ठेवून ती अचानक बंद केली की तोच रॅट आडोसा सोडत नाही.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 'अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन' या स्टेरॉइडची भूमिका पुढे आली. प्रोजेस्टेरॉन या हार्मोनपासून बनणारा हा पदार्थ मेंदूला शांत करतो. तो वाढवला तर दारूची भीती घालवण्याची ताकद वाढली, त्याची निर्मिती अडवली तर ती कमी झाली. म्हणजे दारूमुळे वाटणाऱ्या निवांतपणात शरीराच्या स्वतःच्या हार्मोनचाही हात असतो.

२००६ सालचा अभ्यास 'अल्फा-एमएसएच' या हार्मोनवर होता. त्वचेच्या रंगाशी जोडलेलं म्हणून ते आधी ओळखलं गेलं, पण मेंदूत ते भूकही कमी करतं. नागपूरच्या प्रयोगांत या हार्मोनने दारूचा भीती घालवणारा परिणाम बोथट केला. त्याचा संदेश अडवणारं औषध दिलं, तेव्हा दारू तोडल्यानंतरची रॅटची बेचैनी कमी झाली. २००८ साली 'कार्ट' नावाच्या आणखी एका मेंदूतल्या रेणूबाबत असाच निष्कर्ष आला. तो भीतीचं केंद्र असलेल्या अमिग्डालामध्ये काम करत होता.

इथे एक पेच आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायनामध्ये झालेल्या प्रयोगांत अल्फा-एमएसएचसारखं काम करणारं औषध दिल्यावर उंदरांचं दारू पिणं कमी झालं होतं. मग हे हार्मोन चांगलं की वाईट? ते वाढवावं की अडवावं? याचं उत्तर उंदीर कोणत्या टप्प्यावर आहे यावर अवलंबून आहे. पिणाऱ्या उंदरात जे हार्मोन बाटलीपासून दूर ठेवतं, तेच हार्मोन दारू तुटलेल्या रॅटला छळतं आणि छळ झालेला प्राणी पुन्हा बाटलीकडे वळू शकतो. 'हे हार्मोन वाढवा, दारू सुटेल' असं एका ओळीत सांगणाऱ्या पोस्टवर विश्वास ठेवू नये, तो यासाठी.

मादी जास्त पिते, पण बाई?

वजनाच्या प्रमाणात पाहिलं तर मादी उंदीर नरापेक्षा जास्त दारू पितात. हे अनेक प्रयोगशाळांत दिसलं आहे. यामागे इस्ट्रोजेनचा मोठा वाटा आहे. अंडाशय काढलं की मादीचं पिणं बऱ्याचदा घटतं, इस्ट्रोजेन दिलं की पुन्हा वाढतं. नरांमध्ये काही प्रयोगांत उलटं दिसलं. वृषण काढल्यावर पिणं वाढलं.

२०२४ साली न्यूयॉर्कमधल्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी यात एक नवी गोष्ट जोडली. ज्या दिवशी मादीच्या शरीरात इस्ट्रोजेन जास्त, त्या दिवशी ती जास्त पिते, आणि तेही बाटली समोर आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात. हार्मोन्स सहसा जनुकांमार्फत तासन्‌तास घेऊन काम करतात. इथे मात्र इस्ट्रोजेन मेंदूतल्या पेशींच्या पृष्ठभागावरून मिनिटांत परिणाम करत होतं. कित्येक दशकं असे प्रयोग बहुतेक नर प्राण्यांवरच होत राहिले, त्यामुळे ही गोष्ट इतकी उशिरा कळली.

आता भारताकडे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के दारू पितात, तर स्त्रियांपैकी जेमतेम १ टक्का. उंदरांच्या अगदी उलट! पिंजऱ्यात 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न नसतो, गुत्ता कुठे आहे आणि तिथे कोणी जायचं याचे नियम नसतात, दारूला पैसे लागत नाहीत. हार्मोन्स कल देतात, पण माणसाच्या बाबतीत हा कल समाज सहज पालथा घालू शकतो. उंदरांवरचा कुठलाही निष्कर्ष माणसाला लावताना ही आकडेवारी समोर ठेवलेली बरी.

पिंजऱ्यातून दवाखान्यात येताना

उंदरावर चाललेलं औषध माणसावर सपशेल पडल्याची उदाहरणं कमी नाहीत. ताणाची साखळी मेंदूत जिथे सुरू होते, तिथल्या 'सीआरएफ' या हार्मोनला अडवणारी औषधं दारूवर अवलंबून असलेल्या रॅटमध्ये उत्तम काम करत होती. त्यांतल्या दोन औषधांच्या माणसांवरच्या चाचण्या २०१५ आणि २०१६ साली प्रसिद्ध झाल्या. दोन्हींत दारूची तल्लफ कमी झाली नाही.

जीएलपी-१ ची गोष्ट अधिक आशेची आहे, पण सरळ नाही. डेन्मार्कमध्ये १२७ रुग्णांना या गटातलं एक जुनं औषध किंवा खोटं इंजेक्शन २६ आठवडे दिलं गेलं. २०२२ साली निकाल आला, तेव्हा एकूण गटात फरक दिसला नाही. लठ्ठ रुग्णांमध्ये बेसुमार पिण्याचे दिवस घटले, तर सडपातळ रुग्णांमध्ये ते उलट वाढलेले दिसले. अमेरिकेत ४८ जणांना ९ आठवडे कमी मात्रेत सेमाग्लुटाइड किंवा खोटं इंजेक्शन देऊन पाहिलं. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत औषध घेणाऱ्यांची तल्लफ कमी झाली आणि एका बैठकीत ते कमी प्यायले. पण महिन्यातले पिण्याचे दिवस मात्र फारसे बदलले नाहीत. हे लोक उपचार मागायला आलेले रुग्ण नव्हते, हेही लक्षात घ्यायला हवं.

त्यामुळे दारू सोडवण्यासाठी ही इंजेक्शनं स्वतःच्या मनाने घेणं धोक्याचं आहे. दारूच्या व्यसनावर नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट आणि डायसल्फिरम ही औषधं डॉक्टर आधीपासून वापरतात. त्यांतलं डायसल्फिरम घेऊन वर दारू प्यायली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून घरच्यांनी ते रुग्णाच्या नकळत जेवणात कालवणं ही गोष्ट कधीही करू नये.

नागपूरच्या रॅटमध्ये दारू तोडल्यावर जी बेचैनी दिसली, ती रोज भरपूर पिणाऱ्या माणसात बरीच पुढे जाऊ शकते. हातापायांना कंप, घाम, झोप उडणं, मग फिट येणं, भास होणं, काही वेळा मृत्यूही. देवाची शपथ घालून किंवा खोलीत कोंडून एका रात्रीत दारू बंद करायला लावतात, तेव्हा हेच घडण्याची भीती असते. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बंद करायला हवी. सल्ल्यासाठी सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते.